परिचारिकेलाही हवा कामाचा फेरपालट



जोडधंदा हा शब्द आम्ही कृषी खात्याची माणसे दिवसातून दहा वेळा उच्चारतो. शेतीला दुधाची जोड द्या, शेळ्या पाळा, कोंबड्या पाळा, रेशीम करा, हे सांगून सांगून आमचा घसा बसतो. पण जोडधंदा केवळ चार पैसे मिळावेत म्हणूनच करायचा असतो असे नाही. माणूस शाबूत राहावा म्हणूनही तो लागतो. ही गोष्ट मला पदविकेच्या पुस्तकात कोणी शिकवली नाही. ती शिकवली एका परिचारिकेने, म्हणजे माझ्या थोरल्या वहिनीने.

वहिनी आमच्याच गावच्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे. दवाखान्याच्या कागदावर तिचे पद 'आरोग्यसेविका' असे असले, तरी गावात तिला सगळे सिस्टरच म्हणतात. गाव बालाघाटाच्या रांगेतले. गाव, शेजारची तीन खेडी आणि डोंगरातल्या वस्त्या एवढा तिचा पसारा. घर उपकेंद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दिवसा उपकेंद्राचे दार वाजते आणि रात्री आमच्या घराचे. थोरला भाऊ घरची कोरडवाहू शेती बघतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेलो होतो. जेवताना वहिनी सहज म्हणावे तसे म्हणाली, "भाऊजी, तुमच्या खात्यात एखादी जागा निघते का बघा की. तुमची झाडं निदान रात्री दार तरी वाजवत नाहीत."

सगळे हसले. मीही हसलो. पण ती हसली नव्हती.

वाचकहो, पिकाची एक खूण तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. भर उन्हात दुपारी पिकाने मान टाकली तर आपण घाबरत नाही. ऊन उतरले की संध्याकाळी ते पुन्हा उभे राहते. पण भल्या सकाळी, दव असतानाही पिकाची मान खालीच असेल, तर मात्र शेतकरी समजून जातो की हे नुसते उन्हाचे नाही, मुळाशी काहीतरी बिघडले आहे. माणसाचेही तसेच आहे. दिवसभर राबून संध्याकाळी दमणे हा थकवा झाला, तो झोपेने जातो. पण झोपून उठल्यावरही अंगात उभारी नाही, ज्या कामावर जीव होता त्याच कामाचा तिटकारा येतो, समोरच्या रुग्णावर विनाकारण खेकसले जाते आणि 'आपण काही कामाचे उरलो नाही' असे वाटू लागते, तेव्हा ती सकाळची टाकलेली मान समजावी.

इंग्रजीत याला बर्नआउट म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर माणूस आतून करपणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत याची नोंद घेतली. त्यात याला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न निवळलेल्या ताणातून येणारी अवस्था असे म्हटले आहे. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. वहिनीच्या बाबतीत तिन्ही खुणा मी पाहिल्या आहेत.

आता कोणी म्हणेल, सिस्टरला काय, पंख्याखाली बसून पगार मिळतो. तसे म्हणणाऱ्याने एक आठवडा तिच्यामागे हिंडून बघावे. सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असा दंडक आहे. गरोदर मातांची नोंद आणि तपासणी, बाळांचे लसीकरण, कुटुंब नियोजन, क्षयरोग-कुष्ठरोगाचे सर्वेक्षण, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी, साथ आली की पाण्याचे नमुने, आणि हे सगळे आधी वहीत व मग मोबाइलमध्ये भरायचे. त्यात गावात रेंज नाही. आठवून बघा, कोरोनाच्या लशीची मोहीम देशात १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला १०० कोटी मात्रांचा आकडा पार झाला. हा आकडा दिल्लीत बसून पार झालेला नाही. खांद्याला लशीचा डबा अडकवून ओढा ओलांडणाऱ्या बायांनी तो पार केला. त्याआधीच्या २०२० च्या वर्षाला जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. आपण टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. त्यानंतर मात्र फक्त तिचे दार वाजवत राहिलो.

असो. मुद्दा जोडधंद्याचा आहे.

दिवाळीनंतर मी मोठ्या हौसेने वहिनीला सल्ला दिला. सल्ला देणे हा आमचा धंदाच. म्हटले, नोकरीपलीकडे काहीतरी स्वतःचे असले की मन रमेल. दोन उस्मानाबादी शेळ्या घ्या. काटक जात, जुळी करडे देते, परसात कडुनिंबाची सावली आहे, चारा भाऊ आणेल. शेळ्या आल्या. पहिले दोन महिने बरे गेले. वहिनी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायची, आईलाही बरे वाटायचे.

मग एके रात्री एक शेळी व्यायला झाली. भाऊ नेमका बाजाराला मुक्कामी गेलेला. त्याच वेळी वस्तीवरून निरोप आला की एक बाई अडली आहे. वहिनी १०८ च्या गाडीतून त्या बाईला घेऊन तालुक्याला गेली. बाई सुखरूप सुटली. पहाटे वहिनी घरी आली तेव्हा दोन करडांपैकी एक गेलेले होते. मी तिसऱ्या दिवशी गेलो तर म्हणाली, "भाऊजी, दिवसभर बायांची बाळंतपणं बघायची आणि रात्री शेळीचं बघायचं, मग माझ्यात बदल तो काय झाला?"

माझी चूक माझ्या ध्यानात आली. शेळी ही चांगला जोडधंदा आहे, पण वहिनीसाठी नाही. जनावराची निगा हीही शेवटी सुश्रूषाच. ते आजारी पडते, ओरडते, रात्री उठवते. मी दमलेल्या माणसाला आणखी एक रुग्ण देऊन आलो होतो.

शेतकरी बंधूंनो, हे तत्त्व तर आपल्या रानातलेच आहे. सोयाबीनमध्ये तूर का चालते? सोयाबीनची मुळे वरच्या थरात, तुरीची सोटमुळे खोल. सोयाबीन साडेतीन महिन्यांत निघून जाते, तूर मागाहून फोफावते. दोघांची भूक वेगळी, वेळ वेगळी, म्हणून दोघे सुखाने नांदतात. एकाच खोलीवर मुळे असणारी दोन पिके दाटीने लावली तर दोन्ही खुरटतात. तसेच एकाच रानात वर्षानुवर्षे कापसावर कापूस घेतला तर जमीन थकते. फेरपालट म्हणून हरभरा टाकला की जमीन सुधारते. परिचारिकेचा जोडधंदा असाच वेगळ्या मुळांचा असावा. नोकरीत जे मनाचे पाणी खर्च होते, तेच पाणी त्याने ओढता कामा नये.

हे ध्यानात घेऊन मी चार कसोट्या ठरवल्या. त्या इथे देतो, म्हणजे कोणाही सिस्टरला, आणि हो, शिक्षक, तलाठी, अंगणवाडी ताईंनाही उपयोगी पडतील.

पहिली कसोटी, त्या कामात हाक मारणारे कोणी नसावे. दुसरी, दोन दिवस हात लागला नाही तरी नुकसान होऊ नये, आणि घरातले दुसरे कोणी ते सांभाळू शकेल असे असावे. तिसरी, कामाला शेवट असावा. नर्सच्या कामाला शेवट नसतो, एक बरा झाला की दुसरा येतो. जोडधंद्यात मात्र 'हे झाले, हे माझ्या हातचे' असे डोळ्यांना दिसले पाहिजे. चौथी, भांडवल थोडे असावे. कर्ज काढून मनाचा ताण कमी होत नसतो.

या चारही कसोट्यांवर आमच्या घरी उतरले ते गांडूळ खत. शेळ्या भावाने बहिणीकडे पोचवल्या. परसात कडुनिंबाच्या सावलीला बारा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट उंच असा जाड प्लास्टिक कापडाचा तयार बेड मांडला. तळाला काडीकचरा, त्यावर अर्धवट कुजलेले शेण आणि सोयाबीनचा भुस्सा. ताजे शेण टाकू नये, त्याच्या उष्णतेने गांडुळे मरतात. आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळे सोडली, वर ओले गोणपाट झाकले. हाताने दाबल्यावर ओल लागावी पण पाणी गळू नये, एवढेच पाणी शिंपडायचे. ते काम एक दिवसाआड आई करते. मुंग्या आणि कोंबड्या यांच्यापासून मात्र जपावे लागते. दीड-दोन महिन्यांत वर चहाच्या पत्तीसारखे दाणेदार खत दिसू लागते. मग चार-पाच दिवस पाणी बंद करायचे, कापडावर खताचा ढीग करायचा. गांडुळे उजेड टाळून तळाशी जातात, वरचे खत अलगद काढून चाळून घ्यायचे.

पहिली चाळणी वहिनीने स्वतः केली. रविवारची दुपार होती. दोन तास ती खाली मान घालून चाळत बसली होती, कोणाशी बोलली नाही. शेवटी हात झटकून म्हणाली, "बरं वाटलं. ह्यांना ना ताप मोजायचा, ना नोंद करायची."

पैशाचे खरे सांगतो, कारण आमच्या खात्याची माणसे जोडधंद्याचा हिशेब नेहमी फुगवून सांगतात. पहिल्या वर्षी बेडचा आणि गांडुळांचा खर्च वजा जाता फार काही उरले नाही. निम्मे खत भावाच्या भाजीपाल्याला गेले. यंदा दुसरा बेड मांडला आहे. यातून बंगला होणार नाही. पण आता संध्याकाळी वहिनी घरी येते ती परसातून येते, थेट अंथरुणावर पडत नाही. गेल्या महिन्यात पुतण्याच्या अभ्यासावर ती ओरडली नाही, असे पुतण्यानेच मला कानात सांगितले. हा माझा नफ्याचा हिशेब.

आता कायद्याची बाजू, कारण गावपातळीवरचे अधिकारी-कर्मचारी हे पान वाचतात. नियमित सरकारी नोकराला पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत, आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. घरच्या माणसाच्या नावावर धंदा दाखवून मोकळे होता येते असा एक गैरसमज आहे. कुटुंबातील व्यक्तीचा व्यवसायही वरिष्ठांना कळवणे हाच सरळ मार्ग. तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि परवानगी हातात आल्यावरच विक्री करावी. वहिनीने तेच केले. कागद हलायला बरेच महिने लागले, तोवर खत आमच्याच रानात टाकले. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी भगिनींनी आपला करारनामा काढून त्यातील अटी वाचाव्यात, तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

जे करू नये तेही स्पष्ट सांगतो. नोकरीनंतर घरी इंजेक्शन-सलाईन देण्याचा धंदा हा जोडधंदा नव्हे. तो कायद्यातही बसत नाही आणि थकवाही वाढवतो. दुसरे, ताकदीच्या पावडरी, टॉनिकचे डबे यांची साखळी पद्धतीची विक्री. असले लोक सिस्टरांना हमखास गाठतात, कारण गावाचा सिस्टरवर विश्वास असतो. बायांनो, तो विश्वास विकायला काढू नका. ज्या बाईचा रक्तदाब सकाळी तपासला, तिलाच संध्याकाळी डबा विकायचा, हे शोभत नाही. तिसरे, 'अळिंबी लावा, आम्ही सगळा माल विकत घेतो' असे सांगून आगाऊ पैसे घेणारे. धिंगरी अळिंबीचे उत्पादन चांगले आहे, गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या भुश्श्यावर होते. पण ती नाशवंत, रोज पाणी फवारावे लागते आणि जवळ गिऱ्हाईक नसेल तर वाळवून ठेवावी लागते. आधी घरी खाण्यापुरती दोन-चार पिशव्यांत करून बघावी, कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षण घ्यावे, मग पुढे जावे.

ज्यांना विक्रीच नको त्यांनी परसबाग करावी. नर्स आणि नर्सरी हे शब्द उगाच एकमेकांजवळ नाहीत. चार वाफे मेथी-पालकाचे, एक वेल दोडक्याचा, कडेला झेंडू. मिरचीचे रोप ट्रेमध्ये टाकले तर पाच-सहा आठवड्यांत लावणीला येते. त्यात नफा-तोटा नाही, पण सकाळी उठून कोणते बी उगवले हे बघायला जाणारा माणूस आतून लवकर करपत नाही. आणि माती नकोच असेल तर शिलाई करा, भजनी मंडळात जा, पेटी शिका. प्रत्येकाला मातीच रुचेल असे नाही, हे शेतीखात्याचा माणूस असूनही मी मान्य करतो.

मात्र एक गोष्ट लपवून ठेवणे पाप होईल. खतात नत्र-स्फुरद असते, रिक्त जागा भरण्याची ताकद नसते. जिथे दोघींचे काम एकटी करते, तिथे दोष तिच्या मनाचा नाही, व्यवस्थेचा आहे. जोडधंदा म्हणजे आच्छादन. आच्छादनाने ओल टिकते, पाऊस पडत नाही. पाऊस पाडायचे काम तुमचे-आमचे आहे.

म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सदस्य मंडळींना हात जोडून सांगणे आहे. येत्या ग्रामसभेत चार विषय घ्या. उपकेंद्राला आणि तिथल्या निवासाला पाणी, वीज, कुलूप आणि न गळणारे छत आहे का, ते बघा. रिक्त जागेबाबत ठराव करून वर पाठवा आणि त्याचा पाठपुरावा करा. रात्री कशासाठी सिस्टरला उठवायचे याचा गावानेच नियम करा. बाळंतपण, सर्पदंश, अपघात, लहान बाळाचा ताप यासाठी मध्यरात्रीही उठवा, ती येईल, आजवर आलीच आहे. पण चार दिवसांच्या सर्दीची गोळी सकाळपर्यंत थांबू शकते. आणि चौथे, गावच्या भांडणात, निवडणुकीच्या हेव्यादाव्यात तिला ओढू नका. तिची तक्रार वर करण्याआधी एकदा तिच्याशी बोला. बचत गटाच्या बायांनीही तिला आपल्यात घ्यावे, पण वजनकाटा घेऊन आलेली सिस्टर म्हणून नाही, पापड लाटायला बसलेली बाई म्हणून.

आणि परिचारिका भगिनींना एक शेवटची विनंती. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात राम नाही असे विचार येत असतील, तर गांडूळ खत किंवा परसबाग हा त्यावरचा इलाज नव्हे. आधी डॉक्टरांना भेटा. 'टेलि-मानस' ही शासनाची मोफत सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो, मराठीतही बोलता येते. गावाला फोन लावायला सांगणाऱ्या बाईने स्वतःसाठी फोन लावण्यात कसली लाज?

बंधूंनो, जमिनीला विश्रांती लागते हे आपण बापजाद्यांपासून मानत आलो. बैलाला पोळ्याच्या दिवशी जू लावत नाही. मग बारमाही जू घेतलेल्या या बाईला आठवड्यातले दोन तास तिचे स्वतःचे मिळावेत, एवढे तर गाव करू शकते. पुढच्या वेळी उपकेंद्रात गेलात तर औषध मागण्याआधी एकदा विचारा, "सिस्टर, तुम्ही जेवलात का?" सुरुवात एवढ्यावरून झाली तरी पुष्कळ आहे.